शेवट शांत, तरी चूक तिथेच: फ्रेंच नियमित क्रियापदाचा वर्तमानकाळ

तक्रार नेहमी एकच असते. "तक्ता तोंडपाठ आहे, झोपेतून उठवून विचारलं तरी सहाच्या सहा रूपं म्हणून दाखवीन. पण बोलायला गेलं की अडखळतं, लिहायला बसलं की वहीभर लाल शाई." चूक दाखवली की लगेच पटते, दुरुस्तही होते, आणि पुढच्या आठवड्यात तीच चूक पुन्हा दारात उभी. माझं स्वतःचं हे जवळजवळ दोन वर्षं चाललं होतं. नंतर इतरांच्या वह्या तपासायला लागले तेव्हा कळलं की मराठी बोलणाऱ्यांच्या चुकांचा एक ठरलेला साचा आहे. तो साचा मराठीतूनच येतो, म्हणून नुसता तक्ता घोकून तो जात नाही.

आधी लिपीबद्दल थोडं. फ्रेंच शब्द मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिते आहे. 'ज' दिसला की 'श' म्हणता म्हणता कंठातून आवाज काढा, म्हणजे तो जमेल. 'झ' म्हणजे 'झेड'मधला. 'त्यु' म्हणताना ओठ 'उ'चे आणि जीभ 'इ'ची. स्पेलिंगची गोष्ट निघाली की अक्षरांची नावं घेईन: ई-एस, ई-एन-टी वगैरे.

एकच क्रियापद घेऊ: गाणे

फ्रेंचमधली सुमारे ९० टक्के क्रियापदं मूळ रूपात ई-आर या दोन अक्षरांनी संपतात आणि जवळपास सगळी एकाच चालीत चालतात. नवीन शब्द आला, समजा संगणकावर क्लिक करणं, तर तोही याच गटात जाऊन बसतो: क्लिके. पाठ्यपुस्तकं उदाहरणाला बहुतेक 'बोलणे' घेतात. मी मुद्दाम 'गाणे' घेते, कारण त्याचं मूळ रूप 'शांते' आणि अंग 'शांत'. गाण्याला शांत म्हणणारी भाषा लक्षात राहायला वेगळे कष्ट पडत नाहीत, आणि हाच शब्द पुढे दुसऱ्या कामालाही येणार आहे.

मूळ रूपातलं ई-आर काढायचं, उरलेल्या अंगाला प्रत्यय लावायचे:

ज शांत (मी; लिहिताना शेवटी ई)
त्यु शांत (तू; ई-एस)
इल शांत, एल शांत, ओं शांत (तो, ती, आपण; ई)
नू शांतों (आम्ही; ओ-एन-एस)
वू शांते (तुम्ही; ई-झेड)
इल शांत, एल शांत (ते, त्या; ई-एन-टी)

आता हा तक्ता डोळे मिटून कुणाकडून तरी वाचून घ्या. कागदावर पाच वेगळे शेवट आहेत, कानाला तीनच ऐकू येतात: शांत, शांतों, शांते. मी, तू, तो, ती, ते, त्या, सगळ्यांचं 'शांत'. शेवटची अक्षरं लिहिली जातात आणि गप्प राहतात.

मूळ दोष कुठे आहे

मराठी कान क्रियापदाच्या शेपटीकडे लागलेला असतो. 'गातेस' ऐकलं की समोर तू आहेस, स्त्री आहेस, एकटी आहेस, सगळं कळलं. 'तू' म्हणायची गरजही नाही. 'गातात' म्हटलं की अनेकजण, किंवा कुणी आदरणीय एकजण. मराठीतही सगळंच शेपटीत सापडतं असं नाही, 'गातो' एवढ्यावरून मी, तो की आम्ही हे ठरत नाही. तरी सवय शेवट ऐकायचीच.

फ्रेंचमध्ये ही माहिती पुढे सरकली आहे. कोण, एक की अनेक, हे क्रियापदाच्या आधी आलेला छोटा शब्द सांगतो, म्हणून आज्ञा सोडली तर तो गाळता येत नाही. फ्रेंच जिच्यातून निघाली त्या लॅटिनमध्ये तो गाळता यायचा: कान्तो म्हणजे मी गातो, कान्तास म्हणजे तू गातोस, कान्तान्त म्हणजे ते गातात. इटालियनमध्ये आजही गाळतात, कारण तिथे शेवट ऐकू येतात. फ्रेंचमध्ये शतकांच्या ओघात शेवटचे आवाज झिजले, स्पेलिंग मात्र जुनंच राहिलं. कागदावर जे दिसतं ते त्या आवाजांचं थडगं आहे.

त्यामुळे दुरुस्तीची दिशा एकच: बोलताना आणि ऐकताना लक्ष क्रियापदाच्या सुरुवातीच्या बाजूला, लिहिताना शेवटाला. पाठ करणारे नेमकं उलट करतात. बोलताना शेवट उच्चारायला जातात आणि लिहिताना कानावर विसंबून शेवट विसरतात.

'ते गातात' म्हणताना जीभ घसरते

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही. ई-एन-टी डोळ्यांना दिसतं आणि तोंडातून 'इल शांतां' निघतं. कारण साधं आहे. इतर शब्दांत ही तीन अक्षरं खरोखर 'आं' अशी वाचली जातात. 'पुष्कळदा' या अर्थाचा 'सुवां' घ्या. वाचणारा तोच नियम क्रियापदाला लावतो.

एकाच स्पेलिंगची दोन रूपं शेजारी ठेवली की हा घोळ कायमचा डोक्यात बसतो. सी-ओ-यू-व्ही-ई-एन-टी असं लिहिलेला शब्द नाम असेल तर 'कुवां', म्हणजे मठ. तेच स्पेलिंग क्रियापदाचं असेल तर 'कूव', म्हणजे उबवतात, कोंबड्या अंडी उबवतात तसं. अक्षर न् अक्षर सारखं, उच्चार वेगळा. म्हणून वाचताना आधी विचारायचं, हे क्रियापद आहे का? असेल तर ई-एन-टी शांत. माझ्या वहीत पहिली सहा पानं मी प्रत्येक ई-एन-टीवर पेन्सिलीने काट मारली होती. दिसायला बालिश, पण सातव्या पानावर गरज उरली नाही.

उलट बाजूची चूक लिहिताना होते. ऐकू येतं 'शांत', म्हणून अनेकांसाठीही नुसता ई लिहिला जातो. इथे ज्यांनी शाळेत संस्कृत केलं आहे त्यांच्या हाती आयती किल्ली आहे. वदति, वदसि, वदन्ति आठवा. 'सि' तूसाठी, 'न्ति' अनेकांसाठी. लॅटिन आणि संस्कृत एकाच जुन्या कुळातल्या, त्यामुळे फ्रेंच 'त्यु'चा एस हा त्या 'सि'चा नातेवाईक आणि 'इल'च्या अनेकवचनातला एन-टी हा त्या 'न्ति'चा. 'त्यु' दिसला की 'सि' आठवायचं आणि एस लिहायचा. हे नातं आज्ञेतही टिकलं आहे. संस्कृतात 'तू बोल'साठी नुसतं 'वद' येतं, 'सि' गळतो. फ्रेंचमध्येही 'गा!' असं सांगताना तू-रूपाचा एस गळतो, नुसता ई उरतो. उच्चार अर्थात बदलत नाही.

एक की अनेक ही शंका आली तर कानाचीच मदत घ्यायची एक युक्ती आहे. क्रियापदाच्या जागी 'करणे' ठेवून बघा. 'तो करतो' म्हणजे 'इल फे', 'ते करतात' म्हणजे 'इल फों'. तुमच्या वाक्यात 'फों' बसत असेल तर ई-एन-टी लिहा.

'आहे' शोधायची सवय

"मी गाते आहे" हे फ्रेंचमध्ये सांगायचं असतं. मराठी मन 'आहे'ला प्रतिशब्द शोधतं, तो सापडतो 'स्वी', आणि वाक्य तयार होतं 'ज स्वी शांत' किंवा 'ज स्वी शांते'. दोन्ही चूक. मी गाते आणि मी गात आहे, दोन्हीसाठी 'ज शांत' एवढंच. रोज गाते असो की या क्षणी गाते असो, वेगळं रूप नाही. अगदी "आत्ता मध्ये बोलू नकोस, गाण्यात मग्न आहे" असा जोर हवा असेल तर 'ज स्वी आं त्रँ द शांते' असं लांबण लावता येतं, पण ते क्वचित.

याच ठिकाणी मराठी आपल्या बाजूनेही आहे, हे फारसं कुणी सांगत नाही. "मी पाच वर्षांपासून गाते" यात आपण साधा वर्तमानकाळ वापरतो. फ्रेंचही तेच करते: 'ज शांत दप्वी सँकां'. पुष्कळजण इथे इंग्रजीच्या वळणाने भूतकाळातलं काहीतरी जोडायला जातात आणि सरळ वाक्य वाकडं करून ठेवतात. मराठीतून थेट फ्रेंचमध्ये उडी मारा, मध्ये इंग्रजीच्या घरी थांबू नका. "मी उद्या गाते" हेही तसंच चालतं.

स्त्री-पुरुष भेदाचंही एक ओझं आपण विनाकारण वाहतो. मी गातो, मी गाते. पहिल्या महिन्यात मी मुलगी आहे म्हणून वेगळं रूप असेल असं धरून ते पुस्तकात शोधत होते. वर्तमानकाळात ते नाही. भेद काय तो 'इल' आणि 'एल' यांत.

आजोबा एकच आहेत

ही चूक वह्या तपासताना हमखास सापडते आणि इंग्रजीतून लिहिलेल्या पुस्तकांत तिचा उल्लेखच नसतो. मराठीत आजोबा गातात, सर शिकवतात, बाई सांगतात. आदर म्हणून बहुवचन. मग फ्रेंचमध्ये आजोबांसाठी ई-एन-टी लिहिलं जातं. उच्चार 'शांत'च असल्याने बोलताना कुणाच्या लक्षात येत नाही, लिहिताना पकडलं जातं. स्वराने सुरू होणाऱ्या क्रियापदात तर बोलतानाही उघडं पडतं, ते पुढे येतंच.

फ्रेंच आदर फक्त समोरच्याला देते. 'वू' म्हणजे आपलं 'तुम्ही': एकाला आदराने किंवा अनेकांना साधेपणाने, आणि क्रियापदाला नेहमी ई-झेड. जो समोर नाही त्याच्यासाठी एक म्हणजे एकच. आजोबा, राष्ट्राध्यक्ष, देव, सगळे 'इल शांत', शेवटी नुसता ई.

'आपण'चं कोडं जरा वेगळं. मराठीत 'आपण' म्हणजे मी आणि तू मिळून, आणि अतिआदराने समोरची व्यक्तीही. दुसऱ्या अर्थी 'वू' वापरा. पहिल्या अर्थी बोलण्यातल्या फ्रेंचमध्ये बहुतेक वेळा 'नू' येतच नाही, 'ओं' येतो: 'ओं शांत', चला आपण गाऊ या किंवा आपण गातो. इथे मन म्हणतं अर्थ अनेकांचा, तर क्रियापदही अनेकांचं हवं, आणि 'ओं शांतों' होऊन बसतं. 'ओं' हा शब्द लॅटिन 'होमो', म्हणजे माणूस, यापासून आला. माणूस एक, म्हणून क्रियापद एकवचनी. 'सगळेजण' या अर्थाच्या 'तू ल मोंद'चंही तसंच. मराठीत सगळे गातात, फ्रेंचमध्ये 'तू ल मोंद शांत' आणि शेवटी ई. तेच 'लोक' म्हणजे 'ले जां' असतील तर ई-एन-टी. ही जोडी नुसती लक्षात ठेवा, तर्क लढवू नका.

"मीच गाते" या 'च'ची पण एक गंमत आहे. 'से म्वा की शांत', शब्दशः मी आहे जी गाते. 'की'च्या मागे कोण उभा आहे ते बघून प्रत्यय लागतो. मी असेन तर ई, तू असशील तर एस, आम्ही असू तर सरळ 'से नू की शांतों'. 'की' दिसला की तिसऱ्या पुरुषाचं रूप आपोआप लिहून टाकायची ओढ लागते, ती आवरा.

'मला आवडतं' आणि 'ला'ची फसवणूक

"मला पुस्तकं आवडतात." मराठीत इथे क्रियापद पुस्तकांच्या तालावर चालतं, अनेक पुस्तकं म्हणून आवडतात. फ्रेंचमध्ये आवडून घेणारी मी कर्ता आहे: 'जेम ले लिव्र'. पुस्तकं एक असो की हजार, क्रियापद माझ्याकडे बघतं आणि शेवटी ई लागतो. वहीत 'ज' लिहून पुढे ई-एन-टी लिहिलेलं मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता आश्चर्य वाटत नाही. डोक्यात 'आवडतात' घुमत असतं.

गंमत म्हणजे आठवण येण्यासाठी फ्रेंचने आपल्यासारखी रचना ठेवली आहे. "मला तुझी आठवण येते" म्हणजे 'त्यु म मांक'. शब्दशः, तू मला उणा पडतोस. कर्ता तू, म्हणून एस. हेही नियमित क्रियापद आहे, तक्त्यात काडीचा फरक नाही. फक्त कोण कर्ता हे ठरवताना गल्लत होते आणि नेमकं जिथे भावना व्यक्त करायची तिथेच उलटा अर्थ निघतो: माझी तुला आठवण येते.

मग 'ला'. मराठीत सजीव कर्माला 'ला' लागतो. मी किल्ली शोधते, पण मी मुलाला शोधते. फ्रेंचमध्ये 'ला'च्या जागी 'आ' टाकायची ऊर्मी येते. पण शोधणे, बघणे, ऐकणे, मदत करणे ही सगळी क्रियापदं कर्म थेट घेतात: 'ज शेर्श मों फिस', मी माझ्या मुलाला शोधते, मध्ये काहीही नाही. 'जेद मा मेर', मी आईला मदत करते, इथेही काही नाही. उलट फोन करताना 'आ' लागतोच: 'ज तेलेफोन आ मों फिस'. म्हणजे 'ला' आहे की नाही यावरून फ्रेंचमधलं काही ठरत नाही. माझा उपाय असा की नवीन क्रियापद एकटं पाठ करायचंच नाही. कुणाला तरी शोधणे, कुणाला तरी फोन करणे, अशी अख्खी जोडी पाठ करायची.

कान तीन ठिकाणी एकच ऐकतो

'शांते' हा एक आवाज आणि लिहायच्या तऱ्हा तीन. मूळ रूपात ई-आर, 'वू'बरोबर ई-झेड, आणि भूतकाळातलं 'गायलं' लिहिताना डोक्यावर तिरकी रेघ असलेला ई. श्रुतलेखनात इथे भल्याभल्यांची विकेट पडते. फ्रेंच ज्यांची मातृभाषा आहे तेही सर्रास चुकतात, तेव्हा लाज वाटून घेऊ नका.

फ्रेंच शाळांमधली मुलं एक सोपी चाचणी लावतात. तिसऱ्या, म्हणजे अनियमित गटातलं एखादं क्रियापद जागेवर ठेवून बघायचं, जिथे तिन्ही आवाज वेगळे आहेत. 'विकणे' घ्या: वांद्र, वांदे, वांद्यु. 'जेम शांते', म्हणजे मला गायला आवडतं. इथे 'जेम वांद्र' शोभतं, म्हणून ई-आर. 'वू शांते' इथे 'वू वांदे', म्हणून ई-झेड. आणि 'जे शांते', मी गायले, इथे 'जे वांद्यु', म्हणून रेघवाला ई. चाचणीला दोन सेकंद लागतात.

पहिल्या उदाहरणातून एक वेगळी चूकही मिटते. दोन क्रियापदं लागोपाठ आली की फक्त पहिलं बदलतं. "मला गायला आवडतं" यात 'गायला' कसं गोठलेलं आहे, तसंच दुसरं क्रियापद मूळ रूपात गोठतं.

नकाराबद्दल थोडक्यात. मराठीत 'गात नाही', 'गात नाहीस', म्हणजे क्रियापद सपाट होतं आणि ओझं 'नाही' उचलतो. फ्रेंचमध्ये नकार दोन बाजूंनी मिठी मारतो, 'त्यु न शांत पा', आणि आत क्रियापद आपले प्रत्यय सांभाळून बसलेलं असतं. म्हणून तूचा एस नकारातही लिहायचा. घाईच्या बोलण्यात 'न' गळतो आणि नुसतं 'पा' उरतं, पण लिहिताना तो ठेवा.

स्वर आला की एक आणि अनेक ऐकू येतात

इथे थोडं रेंगाळते, कारण ज्यांचं ऐकणं कच्चं राहतं त्यांचं इथेच राहतं. क्रियापद स्वराने सुरू होत असेल तर 'ज'चा स्वर गळतो आणि तो पुढच्याला चिकटतो: 'ज एम' नाही, 'जेम'. राहणे या क्रियापदात सुरुवातीला एच लिहिला जातो पण तो मुका, म्हणून 'जाबित'. लिहिताना मध्ये वर स्वल्पविरामासारखी खूण.

आणि अनेकवचनात सर्वनामाचा एरवी गप्प असलेला एस जागा होतो आणि 'झ' बनून पुढे उडी मारतो. 'इलेम' म्हणजे त्याला आवडतं. 'इल्झेम' म्हणजे त्यांना आवडतं. 'एलेकुत' म्हणजे ती ऐकते. 'एल्झेकुत' म्हणजे त्या ऐकतात. एका 'झ'वर अख्खा फरक उभा आहे, आणि तो क्रियापदाच्या शेवटी नसून त्याच्या तोंडाशी आहे. नू आणि वू बरोबरही हाच 'झ' येतो: नूझेमों, वूझेमे. 'ओं'बरोबर मात्र 'न' येतो: ओंनेम. वर म्हटलेल्या आजोबांना 'इल्झेम' म्हटलं तर ऐकणारा विचारील, आणखी कोण कोण?

सगळेच एच मुके असतात असं नाही. 'किंचाळणे' या क्रियापदातला एच उच्चारला जात नाही, पण दार अडवून बसतो: 'ज युर्ल', स्वर गळत नाही, आणि अनेकवचनात 'झ'ही येत नाही. शब्दकोशात अशा शब्दांवर खूण असते.

नियमित म्हणवणारी, तरी अंग बदलणारी

तक्ता बरोबर लावला तरी लाल शाई येते अशा जागा दोन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार निव्वळ लिपीचा. खाणे म्हणजे 'मांजे'. रोमन जी हे अक्षर ई आणि आयच्या आधी 'ज', ओच्या आधी 'ग'. 'नू'बरोबर ओ-एन-एस लावलं की ते 'मांगों' वाचलं जाईल, म्हणून मध्ये एक ई घालतात आणि 'मांजों' वाचवतात. 'कोमांसे', सुरू करणे, यात सी हे अक्षर तसंच दगा देतं, म्हणून 'नू'बरोबर सीला खाली छोटी शेपटी लावतात. देवनागरीत ज आणि ग वेगळे असल्यामुळे आपल्याला ही अडचण आधी कळतच नाही, मग एकदम विनोदी वाटते.

दुसरा प्रकार उच्चाराचा, आणि तो पुन्हा त्याच शांत शेवटाशी येऊन भिडतो. विकत घेणे म्हणजे 'आशते', त्यातला मधला ई जवळजवळ ऐकू येत नाही. 'नूझाश्तों' म्हणताना हरकत नाही, कारण जोर घ्यायला पुढे 'तों' आहे. पण 'ज'बरोबर शेवट गप्प झाला की शेवटचा ऐकू येणारा स्वर हाच मधला ई ठरतो आणि तो असा पुसट राहू शकत नाही. तो उघडतो: 'जाशेत', आणि लिहिताना त्या ईवर डावीकडे झुकलेली रेघ येते. म्हणून बदल नेमका ज, त्यु, इल आणि अनेकवचनी इल या चौघांतच होतो, म्हणजे जिथे शेवट शांत तिथेच. नू आणि वू सुटतात. तक्त्यात या चार घरांभोवती रेघ काढली तर बुटाचा आकार होतो, वर्गात त्याला बूट म्हणतातही.

बोलावणे आणि फेकणे ही दोन क्रियापदं रेघेऐवजी अक्षर दुप्पट करतात: 'जापेल'मध्ये दोन एल, 'ज जेत'मध्ये दोन टी. त्यांच्यासारखी आणखीही बरीच होती, पण १९९० च्या शुद्धलेखन सुधारणेने इतरांना रेघेची वाट मोकळी केली आणि ही दोन, त्यांच्यापासून बनलेल्या रूपांसह, जुन्या वळणावर ठेवली. म्हणून एखाद्या दुर्मीळ क्रियापदाची दोन स्पेलिंगं दिसली तर दोन्ही चालतात. पाठवणे, साफ करणे यांत वाय जाऊन आय येतो, त्याच चार घरांत. पैसे देणे यात वाय ठेवला काय, आय केला काय, दोन्ही मान्य.

आणि ज्याचं अंगच कापताना चुकतं ते 'अभ्यास करणे': 'एत्युदिये'. ई-आर काढल्यावर आय अंगातच राहतो, त्याला हात लावायचा नाही. 'जेत्युदी' लिहिताना आय आणि ई दोन्ही हवेत, ई ऐकू येत नसला तरी.

'जाणे' म्हणजे 'आले' हे ई-आरने संपतं, पण त्याला या घरात घेऊ नका. 'ज व्हे', 'नूझालों', त्याचा संसारच वेगळा. उलट 'उघडणे' हे आय-आरने संपतं आणि वर्तमानकाळात मात्र आपल्याच तक्त्याने चालतं: 'जूव्र', शेवटी ई. भाषेला कुंपणाची फारशी पर्वा नसते.

सराव कसा केला तर चूक परत येत नाही

तक्ता वरून खाली म्हणणं बंद करा. त्याने फक्त तक्ता म्हणता येतो. 'ज शांत' हा एक शब्द समजा, 'नूझेमों' हा एक शब्द समजा, आणि ते विस्कळीत क्रमाने म्हणा. एक वाक्य घ्या आणि फक्त कर्ता बदलत जा: ती, आम्ही, तू, आजोबा, सगळेजण. प्रत्येक वेळी तोंडाने म्हणा आणि हाताने लिहा, दोन्ही एकत्र, कारण इथे तोंड आणि हात वेगवेगळ्या गोष्टी करतात आणि तेच शिकायचं आहे. लिहून झाल्यावर क्रियापदावर बोट ठेवून मागे सरका, कर्ता सापडेपर्यंत. मध्ये आलेल्या इतर शब्दांवर थांबू नका.

दोन आठवड्यांनी ही परीक्षा घ्या. कुणाला तरी हे वाक्य वाचायला सांगा आणि ऐकून लिहा: 'एल शेर्श लेझांफां की शांत'. गाणाऱ्या मुलांना शोधण्याबद्दलचं आहे. दुसऱ्या क्रियापदाला ई-एन-टी लागणार, कारण 'की'च्या मागे मुलं आहेत. पहिल्याला काय लागणार? शोधणारी एक आहे की अनेकजणी, हे या वाक्यात ऐकू येत नाही. 'श'ने सुरू होणाऱ्या क्रियापदात 'झ'ला उडी मारायला जागाच नाही. दोघांनी ऐकून दोन वेगळी उत्तरं लिहिली, तर दोघांनाही पूर्ण गुण द्या.